भेंडीचा चिकट आणि आपल्या गुंडातलं पाणी

“रात्री पाण्याच्या गुंडात चार भेंड्या चिरून टाका. सकाळपर्यंत शिसं, आर्सेनिक, फ्लोराइड, क्षार, सगळं त्या चिकटात अडकतं. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आरओ फेकून द्या!” दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या तीन ग्रुपांवर हा मेसेज एकाच दिवशी आला. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला असला उपाय गोड लागणारच म्हणा.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ हे अर्धं खरं आहे. भेंडी, जवस, गवार यांच्या चिकटापासून हायड्रोजेल बनवतात आणि ते शिसं, तांबं, कॅडमियम धरून ठेवतं. पण हायड्रोजेल म्हणजे चिरलेली भेंडी नव्हे. भेंडीचा चिकट पाण्यात विरघळतो. त्याचे धागे रसायनाने एकमेकांत बांधून जाळं केलं, तरच ते फुगतं पण विरत नाही, आणि धातूसकट पाण्याबाहेर काढता येतं. नुसत्या चिकटाने शिसं धरलं, तरी दोघंही गुंडातच. सकाळी तुम्ही पिणार तेच.

फ्लोराइडचं तर साफच चुकलंय. तो धातूच नाही. जेलवरचा भार ऋण, म्हणून धनभारित शिसं त्याकडे ओढलं जातं. फ्लोराइड स्वतःच ऋणभारित, आणि आर्सेनिकही पाण्यात एकतर ऋणभारित, नाहीतर भाररहित रूपात असतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडवाल्या गावांत हा मेसेज फिरला, तर पोरांचे दात पणाला लागतील. त्यावरची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच काढलेली आहे, ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

क्षारांचंही तसंच. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असलं, की जेलवरच्या बऱ्याच जागा तेच अडवून बसतात. मिठाचा खारटपणा तर जागचा हलत नाही.

मेसेजसोबतच्या व्हिडिओत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या मीटरचा आकडा उतरताना दाखवलाय. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे टीडीएस शेकडो मिलिग्रॅम. शिसं गेलं की राहिलं, हे त्या मीटरला काय कळणार? मीही करून पाहिलं. सकाळी आकडा थोडा चढलाच होता, भेंडीतलेच क्षार उतरले असणार. पाण्याला तार सुटली होती, दुपारी आंबूस वास.

आरओ फेकायच्या आधी बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत तपासून आणा. माझं ते गुंड मी म्हशीपुढे ओतलं. तिनं हुंगलं न् तोंड फिरवलं.