‘कायदा आहे ना, मग कॅमेरा कशाला?’

एक मजकूर नाशिकच्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून फिरत फिरत माझ्याकडे आला. एकदा तर सख्ख्या मामांकडून. सार असं: सरकारी गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 पासून आहे, तरी कॅमेऱ्यापुढे बोलतो तो प्रसिद्धीचा भुकेला. माहितीपटवाले अशा माणसाला पुढे करतात, एकतर्फी प्रचार करतात, पुरस्कार घेऊन मोकळे होतात. आणि असले माहितीपट बघतं कोण? मी पोटापाण्यासाठी माहितीपटांचं संकलन करतो. मामांना फोनवर अर्धंच सांगता आलं.

कायदा झाला हे खरं. 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. पण तो अमलात येण्याची तारीख केंद्राने अधिसूचना काढून जाहीर करायची होती, ती काही निघाली नाही. वास्तुशांत झाली, जेवणं उठली, किल्ली मात्र कुणाच्याच हातात पडलेली नाही. उरतो 2004 चा केंद्राचा ठराव. नाव गुप्त ठेवून दक्षता आयोगाकडे तक्रार करता येते, पण ती केंद्राच्या कारभारापुरती. आपल्या जिल्हा परिषदेतल्या कारकुनाला त्याचा उपयोग नाही. उलट जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या 1967 च्या वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय बाहेर बोलला की कारवाई त्याच्यावरच. तो ठराव तरी कशामुळे आला? सत्येंद्र दुबे या महामार्ग अभियंत्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये बिहारमधल्या गयेत त्यांचा खून झाला. खून लुटीसाठी झाला असं सीबीआयने म्हटलं; नाव मात्र त्याआधीच फुटलेलं होतं.

आता ‘प्रसिद्धीचा भुकेला’. मामा, तुम्ही दिंडोरी रोडला राहता. तुमच्या घराजवळच्या ‘मेटा’त, म्हणजे सरकारी अभियंत्यांच्या प्रशिक्षण संस्थेत, विजय पांढरे मुख्य अभियंता होते. 2012 मध्ये त्यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल मुख्यमंत्र्यांना सविस्तर पत्र लिहिलं. दहा वर्षांत हजारो कोटी खर्चून सिंचन 0.1 टक्क्यानेच वाढलं, हा आकडा तर राज्याच्याच आर्थिक पाहणीतला. त्यावरून वाद पेटला, श्वेतपत्रिका काढावी लागली, चौकशीसाठी चितळे समिती नेमावी लागली. पांढरे पुढे लोकसभेला उभे राहिले म्हणून तुम्हाला शंका येते. येऊ दे. पण पत्र आधी, निवडणूक नंतर. आणि पत्रातलं खरं की खोटं हे उमेदवारीच्या अर्जावरून कसं ठरणार?

दुसरं नाव घेताना हात जड होतो. 25 जानेवारी 2011, मनमाडजवळचं पानेवाडी. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना ढाब्यावर इंधनातली भेसळ दिसली. ते मोबाईलवर पुरावा टिपू लागले आणि भरदिवसा त्यांना जाळून मारण्यात आलं. त्यांना कुठली प्रसिद्धी हवी होती?

‘माणसाला पुढे करतात’ हे वाचून मात्र हसू आलं. आमचा निम्मा वेळ माणूस मागे ठेवण्यातच जातो. सातपूरच्या एका खोलीत आम्ही एका कारकुनाचं बोलणं टिपलं. पंखा बंद, माणूस पाठमोरा, आवाज बदललेला. संकलनाला बसलो तर दर तिसऱ्या वाक्याला ‘समजा बरं का’. ही लकब त्याच्या सगळ्या कार्यालयाला पाठ असणार! शेवटी त्याचं बोलणं लिहून काढलं आणि दुसऱ्याकडून वाचून घेतलं. टिपणीच्या झेरॉक्सवर त्याचं अक्षर होतं, ते झाकलं. जावक क्रमांक झाकला. कोपऱ्यात स्टेपलरची दोन भोकं होती, तीसुद्धा झाकली, कारण ती प्रत कुठल्या नस्तीतून निघाली हे त्यावरून ओळखता येईल असं तोच म्हणाला. भित्रा नव्हता हो, दोन मुलं होती त्याला.

एकतर्फी? संबंधित कार्यालयाला आम्ही लेखी प्रश्न दोनदा दिले. उत्तर नाही. पोचेचा शिक्का मारलेली आमची प्रत आहे, तीच फिल्ममध्ये दाखवली. आणि टीका केली म्हणजे प्रचार होतो असं नाही. भोपाळ वायुकांडावरच्या एका माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शन तो दाखवेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1992 मध्ये न्यायालयाने सांगितलं की सरकारवर टीका आहे एवढ्यावरून नकार देता येणार नाही.

पुरस्कारांचं मी मान्य करतो. फिल्म महोत्सवात फिरते आणि ज्याने कागद दिले तो बदलीच्या गावी एकटा पडतो, असं होतं. आमच्या धंद्याची ही लाज आहे, आणि ती फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बरोबर हेरली.

राहिलं ‘बघतं कोण’. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही चादर बांधून फिल्म दाखवली. पंचवीस-तीस माणसं, निम्मी पोरं. पडद्यावर एमबीचं, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तकाचं, पान आलं तसा मागून एकजण ओरडला, “थांबवा!” पानावर पाईपलाईन त्याच्या वस्तीपर्यंत पोचलेली होती. तो पडद्याजवळ आला, आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “हे घर माझं. नळ कुठंय?” बोटाची सावली सगळ्या पानभर पडली. फिल्म पुढे सरकलीच नाही. कंदिलाच्या उजेडात माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला गेला. लागणारं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट माझ्या बॅगेत निघालं.