ते 39 टक्के नेमके कुणाचे?

‘अर्धवट माहितीवर रुग्णांना घाबरवू नका. जिभेच्या उलटलेल्या कॅन्सरमध्येही ऑपरेशननंतर 39 टक्के पाच वर्षं जगतात. शिवाय इम्युनोथेरपी, खर्च, स्पीच थेरपी यांवर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.’ रेडिएशननंतर जिभेत पुन्हा उलटलेल्या कॅन्सरच्या ऑपरेशनवरच्या माझ्या लेखावर इति आपण, तेही टोपणनावाने.

लेखाचं शीर्षक जरा भडक झालं, एवढं मान्य. पण हेड-नेक सर्जरीत हयात घालवलेल्या माणसाला ‘अर्धवट माहिती’ सुनावण्याआधी आकडा कुठला, ते तरी बघायचं!

तो सर्जन गुडविन यांनी 2000 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातला. त्यात तोंडाबरोबर स्वरयंत्र आणि घसाही आहे, आणि मोजलेत फक्त ऑपरेशन झालेले. गाठीने कॅरोटिडला (मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीला) विळखा घातला म्हणून ज्यांना टेबलावर घेतलंच नाही, ते हिशोबात नाहीत. त्याच लेखात त्यांच्या स्वतःच्या 109 रुग्णांचा मागोवा आहे. उलटलेला आजार पहिल्या स्टेजला असेल तर दोन वर्षं आजारमुक्त राहिलेले 73 टक्के, चौथ्या स्टेजला 22. मग तुमची सरासरी सांगायची कुणाला? रेडिएशन संपून सहा महिने होत नाहीत तोच जिभेच्या मुळाशी उलटलेल्याला, की दोन वर्षांनी कडेला बारकी गाठ आलेल्याला?

रेडिएशन झालेल्या जिभेत आजार एकगठ्ठा राहत नाही, कडक झालेल्या मांसात विखरून बसतो. बोटाला लागणाऱ्या गाठीपलीकडे दीड-दोन सेंटिमीटर कापूनही मार्जिन पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर उरलेला असतो. पूर्ण जीभ काढली तर मांडीचा फ्लॅप (रक्तवाहिन्यांसकट काढलेला मांसाचा तुकडा) मुद्दाम फुगीर बसवतात, कारण तो पुढे आक्रसतो. सपाट झाला की टाळूला टेकत नाही, घास मागे ढकलला जात नाही आणि लाळ श्वासनलिकेत उतरते. मानेतल्या रक्तवाहिन्या जोडण्याजोग्या नसल्या तर छातीच्या स्नायूचा, पीएमएमसी नावाचा फ्लॅप. टाके उसवून फिस्टुला (लाळ झिरपणारं भोक) झाला आणि लाळ कॅरोटिडवर साचत राहिली, तर ती धमनी फुटू शकते. ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) आणि अन्नासाठीची पोटातली नळी काहींची कधीच निघत नाही. सही घेण्याआधी हे सांगायचं नाही, तर कधी सांगायचं?

इम्युनोथेरपीचं म्हणाल, तर टाटा हॉस्पिटलचा 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अभ्यास पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांवरचा आहे, इथे गैरलागू. खर्च आणि स्पीच थेरपी सवडीने.

पुढच्या वेळी टक्केवारी फेकताना स्टेज आणि आजार किती महिन्यांनी उलटला, तेही लिहा. आणि जमल्यास स्वतःचं नावही.