डेलावेअरच्या अलीकडचं मत

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडावा, या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं, की अमेरिका हा राज्यांचा संघ आहे. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर (प्रतिनिधी) देऊन त्यांच्या मतांनी अध्यक्ष निवडायची पद्धत, गेलं तर लहान राज्यांना कुणी विचारणार नाही, चार मोठी शहरंच अध्यक्ष ठरवतील. घटनाकारांनी विचारपूर्वक आणलेली पद्धत आपण का मोडावी? शिवाय भारतातही राष्ट्रपती लोक थेट निवडत नाहीत. थेट निवडणूक अटीतटीची झाली तर फेरमोजणीचाही प्रश्न येईल. आणि शेवटी, ही हरलेल्या पक्षाची रड आहे.

लहान राज्यांपासून सुरुवात करते. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीकडे बक्स काउंटीत गेले होते. ट्रेंटनला डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया. तिच्या ओट्यावर प्रचारपत्रकांचा वीतभर गठ्ठा होता, त्यातलीच चार पसरून ती त्यावर मेथी निवडत होती. जेवण होईस्तोवर दोनदा दाराची बेल वाजली, दोन्ही वेळा कार्यकर्तेच. माझ्या घरी अख्ख्या महिन्यात अध्यक्षपदाचं एक पत्रक आलं नव्हतं. कारण सरळ आहे. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाते. माझं मत कुणालाही मिळवायचं नाही आणि कुणालाही गमवायची भीती नाही.

आता सांगा, पेनसिल्व्हेनिया लहान राज्य आहे का? तिथे १९ इलेक्टर आहेत. वायोमिंग, व्हरमाँट, ऱ्होड आयलंड ही खरी लहान राज्यं; तिथे निकाल आधीच ठरलेला, म्हणून उमेदवार फिरकत नाहीत. ही पद्धत लहान राज्यांना नाही, अटीतटीच्या राज्यांना वजन देते. कागदावर मात्र वायोमिंगचं मत जड दिसतं: पावणेसहा लाख लोकसंख्येला ३ इलेक्टर, म्हणजे सुमारे १ लाख ९२ हजार माणसांमागे एक. कॅलिफोर्नियात ५४ असूनही सव्वासात लाखांहून जास्त माणसांमागे एक. पण त्या वजनाचा वायोमिंगच्या शेतकऱ्याला काय उपयोग, जर त्याच्या दारात कुणी येतच नसेल?

शहरांचा मुद्दा तर आकड्यांपुढे टिकत नाही. देशातल्या सर्वात मोठ्या दहा शहरांची लोकसंख्या एकत्र केली तरी २०२० च्या जनगणनेनुसार ती देशाच्या आठ टक्क्यांच्या आसपास भरते. आणि 'कॅलिफोर्निया अमुक पक्षाचा' हे आपण म्हणतो ना, त्या कॅलिफोर्नियात २०२० साली ट्रम्प यांना ६० लाख मतं पडली. टेक्सासात त्यांना मिळाली त्याहून जास्त! त्या ६० लाखांतून एकही इलेक्टर आला नाही. राज्यात जो एका मताने पुढे, त्याला सगळे इलेक्टर. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे हेच. हा नियम मूळ राज्यघटनेत नाही, राज्यांनी आपापल्या सोयीने लावून घेतलाय.

घटनाकारांबद्दल आदर मलाही आहे. पण त्यांच्यातलेच एक, मॅडिसन यांनी १७८७ च्या जुलैत घटना ठरवणाऱ्या अधिवेशनात काय सांगितलं तेही वाचायला हवं. लोकांनी थेट निवडणं त्यांना सर्वात योग्य वाटत होतं. अडचण ही, की मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला होता आणि दक्षिणेतल्या गुलामांना मत नव्हतं, म्हणून दक्षिणेचा प्रभाव पडला नसता. इलेक्टर आल्यावर त्या गुलामांची लोकसंख्या तीन-पंचमांश हिशेबाने (पाच गुलामांमागे तीन माणसं) राज्याच्या वजनात धरली गेली. मताचा अधिकार शून्य, वजन मात्र मालकाच्या राज्याला. या जन्मकथेकडे डोळेझाक करून 'विचारपूर्वक आणलेली' म्हणणं मला जमत नाही. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात प्रचंड बहुमताने मंजूर झाली होती. पुढल्या वर्षी सिनेटमध्ये ती भाषणं लांबवून अडवली गेली, आणि अडवणाऱ्यांत दक्षिणेतले वर्णभेदाचे समर्थक सिनेटर आघाडीवर होते.

राष्ट्रपतींची तुलना तुम्ही काढलीत ते बरं झालं. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, अमेरिकेचे अध्यक्ष स्वतः सरकार चालवतात, हा फरक तर आहेच. पण हिशेबही बघा. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचं २०. दोन्ही १९७१ च्या जनगणनेवरून काढलेली, दोन्हीकडे एका मतामागे साधारण हजार माणसं. आणि महाराष्ट्रात कुणाचं बहुमत असलं म्हणून २८८ च्या २८८ मतं त्याच्या उमेदवाराला जात नाहीत, ज्याचं मत त्याच्याच नावावर मोजतात. ही तुलना माझ्याच बाजूने साक्ष देते.

रडीचं म्हणाल तर २००४ आठवा. रिपब्लिकन पक्षाच्या बुश यांना देशभरात ३० लाख मतं जास्त होती, पण ओहायोत साठ हजार मतदार इकडचे तिकडे झाले असते तर डेमोक्रॅटिक पक्षाचे केरी अध्यक्ष झाले असते. तसं झालं असतं तरी मला ते चूकच वाटलं असतं. २०१६ ला उलट बाजू लागली: डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक, अध्यक्ष ट्रम्प. २०२४ ला ट्रम्प एकूण मतांतही पुढे होते, तेव्हाही माझं म्हणणं हेच होतं.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. लढत फारच अटीतटीची झाली तर फेरमोजणी २००० सारखी एका फ्लोरिडात नाही, सगळ्या देशात करावी लागेल. हे अवघड काम आहे आणि त्यासाठी राज्याराज्यांचे नियम आधी सारखे करावे लागतील. पण कठीण मोजणी टाळण्यासाठी कोट्यवधी मतं निरर्थक करायची, हे मला पटत नाही.

घटनादुरुस्ती नजीकच्या काळात होईलसं वाटत नाही. म्हणून काही राज्यांनी आपसात करार केलाय: करारातल्या राज्यांचे इलेक्टर मिळून २७० (म्हणजे बहुमताइतके) झाले, की देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच ते सगळे इलेक्टर देतील. न्यू जर्सीने २००८ मध्येच यात भाग घेतला. पेनसिल्व्हेनिया अजून बाहेर आहे. मैत्रीण तिथल्या तिच्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहितेय, मसुदा मी तपासून दिलाय. तुम्हाला वाचायचा असेल तर इथे खाली टाकते.