फुल इन्शुरन्सचा भूगोल

नवी गाडी दारात आली की कोकणात तिला दोन संरक्षणं मिळतात. एक ग्रामदेवतेपुढचा नारळ, दुसरा शोरूमच्या टेबलावरचा ‘फुल इन्शुरन्स’. पैकी नारळावर माझा जास्त भरवसा आहे. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात काही छापलेलं नसतं.

‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द सबंध पॉलिसीत कुठे सापडत नाही. तिथे असतं ‘पॅकेज’, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान अधिक थर्ड पार्टी, अर्थात आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. नाहीतर ‘लायबिलिटी ओन्ली’, म्हणजे दुसऱ्याला भरपाई आणि आपल्याला सहानुभूती. तरी कुडाळहून काठमांडूला गाडीने जायचं ठरलं की ओटीवरचा कोणीतरी जाणकार पानाची पिंक टाकून म्हणतोच, “फुल इन्शुरन्स आसा मां? मगे भियातंस कित्याक?”

भियाचं अशासाठी, की पॉलिसीत ‘जिओग्राफिकल एरिया’ म्हणून एक ओळ असते आणि तिच्यासमोर नुसतं ‘इंडिया’ लिहिलेलं असतं. सोनौलीला नेपाळची हद्द ओलांडली की गाडी तीच, पण कागदोपत्री पोरकी. तोड मात्र स्वस्त आहे. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीविम्याच्या दर-नियमांच्या पोथीत, ‘आयएमटी १’ हे एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, आहे. त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि (हसू नका) पाकिस्तान. टॅरिफमधला दर पॅकेजला सरसकट ५०० रुपये, लायबिलिटी ओन्लीला १००, मुदत फार तर १२ महिने. गाडी छोटी की मोठी, कोणी विचारत नाही. पाचशेत आज मालवणात धड सरंगा येत नाही, इथे परदेश येतो! फक्त निघण्यापूर्वी देशाचं नाव छापलेला कागद हातात हवा. फोनवर एजंट जे “झालं समजा” म्हणतो, ते एंडॉर्समेंट नव्हे.

खरी मजा समुद्राची. मूळ पॉलिसी तशी दिलदार. गाडी रस्त्याने, रेल्वेने, देशांतर्गत जलमार्गाने, विमानाने, इतकंच काय लिफ्टमधून नेतानाही काही झालं तरी ती जबाबदारी घेते. (गाडी लिफ्टमधून नेणारा गुहागर-दापोलीत मला अजून भेटायचाय.) पण एंडॉर्समेंट देताना कंपनीचा हात आखडतो: त्या देशात गाडी पोचवताना जहाजात किंवा विमानात जे होईल ते तुमचं. आता मालदीवला जायची तिसरी वाट कुठली? मालेच्या धक्क्याला चाकं टेकली की कव्हर सुरू, तोवर रवळनाथावर हवाला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवून निवांत चहा पिणाऱ्या माणसाला हे पचत नाही.

आखाताची गोष्ट निराळी. रत्नागिरी-श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी तिकडे असतंच, आणि सुट्टीला गेलेला पाहुणा भाड्याची गाडी घेतो. तिथे इथली पॉलिसी नेऊन उपयोग नाही, ती इथल्या गाडीची. न्यायचा तो आरटीओत चार-अ फॉर्म भरून मिळणारा, गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. परवाना चालत नसेल तर विमाही हात वर करतो.

मग भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर ‘एक्सेस’ भेटतो. नुकसानीची पहिली ठरावीक रक्कम आपली, आणि तेवढे पैसे क्रेडिट कार्डावर आधीच अडकवून ठेवतात. रोजचे जादा पैसे भरून एक्सेस शून्यावर आणता येतो, पण तेव्हाही टायर, काच, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन आणि गाडीचं बूड बहुधा बाहेरच. आधी बूडच आपटतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. करारात नाव नसेल तर भावोजींना स्टिअरिंग देऊ नये. नाव घालायला थोडे पैसे पडतात; भावोजींना नाही म्हणायला मात्र कुठलंच कव्हर मिळत नाही.

यूएईत पोलिसांचा रिपोर्ट नसेल तर गॅरेजवाला पोचा काढत नाही. तिथून मस्कतकडे जायचं असेल तर ओमानचं कव्हर, म्हणजे ऑरेंज कार्ड, वेगळं मागावं लागतं, वर गाडीमालकाचं परवानगीपत्र. सीमेवर आठवून भागत नाही.

आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढावा. चाकं, काचा, वाकून बूडसुद्धा. काउंटरवरचा पोरगा हसेल. हसू दे. परत करताना तोच टॉर्च घेऊन वाकतो.