आपण म्हणजे कोण रे?

शनिवार आला की परभणीतल्या आमच्या टपरीवर कट चहाबरोबर इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबची टीम ठरते. माणसं चार, टीम सहा! "आपण आज तीन डिफेंडर खेळवायलाच नको." आपण? आपण म्हणजे कोण रे? ओल्ड ट्रॅफर्डवरून, त्यांच्या मैदानावरून, फोन आला होता का तुला?

"मिडफिल्ड लई ढिलं आहे आपलं." अरे, तुझा स्वतःचा दम मैदानाला अर्धी चक्कर मारली की संपतो! नळाला पाणी कधी येणार ते घरी बायकोला विचारावं लागतं, पण तिकडच्या लेफ्ट बॅकची मांडी कधी बरी होणार, हे तोंडपाठ.

आणि दर वेळी तेच, "यंदा नक्की." 2013 साली त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन लीग जिंकून घरी गेले, तेव्हापासून ऐकतोय. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, टेन हाग... आले, गेले. टपरीवरचे कोच तेवढे कायम! त्यांना कोण काढणार?

त्यात विरोधी क्लबचं, लिव्हरपूलवालं एक पोरगं असतंच. "आमच्यापण 20 लीग झाल्या ना आता," एवढंच म्हणतं, की ग्लास आपटायला सुरुवात. टपरीवाले मामा ओरडतात, "फुटला तर उधारीत लिहीन!"

मॅच रात्री साडेआठला. हे सकाळी दहापासून बसलेले!

मागच्या शनिवारी तर दहाव्या मिनिटालाच लाईट गेली. म्हणे, लाईट असती तर जिंकलो असतो.