हशा नटाचा, घोटाळा लेखकाचा

१९९०च्या दशकात सांगलीतल्या हरभट रोडजवळच्या आमच्या वाड्यात ‘श्रीमान श्रीमती’ ही हिंदी विनोदी मालिका लागली की तिन्ही बिऱ्हाडे एकाच टीव्हीपुढे बसत. जतीन कनाकियांचा केशव कुलकर्णी शेजारणीच्या दाराकडे वळला की आजी पदर तोंडाला लावून हसू लागे. रीमा लागूंना तर सगळेच ओळखत होते. मालिका लिहिली कोणी, हा प्रश्न मात्र त्या खोलीत कोणालाही पडला नाही. ती अशोक पाटोळे यांनी लिहिली होती, आणि ‘आई रिटायर होतेय’ हे नाटक लिहिणारे पाटोळे ते हेच, हे मला फार उशिरा, स्वतः हौशी रंगभूमीवर लिहू लागल्यानंतर समजले.

२०१५ साली ते गेले. त्यांच्याविषयी बोलताना नाटककार पाटोळे आणि मालिकालेखक पाटोळे अशी वाटणी केली जाते, ती मला मान्य नाही. ‘श्रीमान श्रीमती’ची मांडणी अस्सल नाटकाची आहे : शेजारशेजारची दोन घरे, दोन जोडपी, आणि प्रत्येक नवऱ्याच्या मनात दुसऱ्याच्या बायकोविषयी अशी ओढ, जी उघड बोलण्याची सोय नाही. एवढ्या भांडवलावर भागामागून भाग उभे करायचे, तर कोण कोणत्या क्षणी दारातून आत येणार याचा हिशेब पक्का लागतो, आणि तो हिशेब रंगमंचावरच शिकता येतो.

आम्हा सांगलीकरांना हे निराळे सांगावे लागू नये. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या आमच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ रचले आणि पुढे त्याचेच पदांसह ‘संशयकल्लोळ’ झाले. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची, ती इंग्रजीतून आलेली. पण रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते आणि फाल्गुनराव ती तिच्या हातात पाहतो, हा घोटाळा देवलांनी इतका मराठी करून टाकला की त्याचे परकेपण आठवतही नाही. एक तसबीर जागची हलली की माणसे आपापल्या संशयापायी आपोआप पळू लागतात. (नाट्यपदे गुणगुणणाऱ्या आपल्या रसिकांना या कारागिरीची आठवण क्वचितच होते, ही माझी जुनी तक्रार.)

गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेच्या तालमीत एक विनोदी वाक्य रोज पडत असे. नट चांगला होता, वाक्यही बरे होते. शेवटी मी वाक्याला हात न लावता पाहुण्याची एण्ट्री त्याच्या आधी घेतली, म्हणजे बोलणाऱ्याला तो विंगेतून आलेला दिसत नाही, प्रेक्षकांना दिसतो. पहिल्याच प्रयोगात त्या जागी हशा आला. अर्थात शाबासकी नटाला मिळाली, आणि ती त्याला मिळायलाही हवी होती.

नाटककाराला अशी दुरुस्ती प्रयोगागणिक करता येते. मालिकेच्या लेखकाला ती सवलत नसते. चित्रीकरण झाले की विषय संपला, आणि प्रेक्षक कुठे हसला नाही हे समजेपर्यंत पुढचे भाग लिहून झालेले असतात. म्हणजे शेकडो प्रेक्षकांचा हशा आधीच कानात साठवलेला असेल, तरच तो रिकाम्या खोलीत बसून अचूक लिहिता येतो. पाटोळ्यांच्या कानात तो होता, असे मला वाटते. शिवाय ‘आई रिटायर होतेय’मध्ये घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई आधी गमतीची वाटते आणि मग बघणाऱ्याला अवघडून टाकते, तो अवघडलेपणा त्या गमतीतूनच निघालेला असतो.

आमच्या त्या एकांकिकेला एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. परीक्षक पाठीवर हात ठेवून म्हणाले, “हात चांगला आहे तुमचा, आता काहीतरी गंभीर लिहा.” मी मान डोलावली. यंदाच्या संहितेत दोन बिऱ्हाडे आहेत, मध्ये एक सामाईक दार आहे, आणि त्याची कडी कोणत्या बाजूने लावायची यावर गेले तीन आठवडे माझे काम अडले आहे.