‘वह्या वाटायला लाखाच्या सायकली कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पश्चिम मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्यातल्या भिलांच्या फळियांपर्यंत (वस्त्यांपर्यंत) समूहाने सायकलवर जाऊन मदत पोहोचवण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंदूरची सुखवस्तू मंडळी लाखाच्या सायकली घेऊन भिलांच्या वस्तीत वह्या-पेनं वाटायला जातात, फोटो काढतात आणि परत येऊन सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जेवतात. यात दान कमी आणि मिरवणं जास्त. तो पैसा सरळ पाठवावा. शिवाय बारा-पंधरा माणसं जाऊन धडकली की त्यांचं पाणी, जेवण, कचरा सगळं गावावर पडतं.

पैशाचा मुद्दा आधी संपवतो. सायकलीची किंमत या हिशेबात धरता येत नाही, ती सायकल घरात उभीच आहे. धरायचा तो स्वारीचा खर्च: पिकअपचं डिझेल, चालक, जेवण, मुक्काम. हा सगळा स्वारांनी आपल्या खिशातून करायचा आणि देणगीला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. स्वारीचा खर्च देणगीपेक्षा जास्त होत असेल तर तिला सरळ सहल म्हणावं. सहल वाईट नसते, फक्त तिच्या नावावर वर्गणी मागू नये. वर्गणी कोणाच्या खासगी खात्यावर गोळा करण्यापेक्षा ठरलेल्या दुकानाचं बिल देणगीदारांनी थेट भागवावं आणि ते बिल सगळ्यांना दाखवावं. नोंदणी नसलेल्या गटाला ८०जीची (आयकरातल्या सवलतीची) पावती देता येत नाही, हेही आधीच सांगून टाकावं.

वह्यांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि लेखात वह्या वाटा असं म्हटलेलंही नव्हतं. वह्या, चॉकलेटं, जुने कपडे पोहोचवायला सायकलस्वार लागत नाही, टेम्पो पुरतो. जुन्या कपड्यांची तर तिथे कोणी वाटही बघत नसतं. प्रश्न असा आहे की सायकल चालवणाऱ्या माणसाकडे असं काय आहे जे टेम्पोत घालून पाठवता येत नाही? उत्तर सायकलीतच आहे.

मध्य प्रदेश सरकार सहावी आणि नववीत गेलेल्या, शाळा दुसऱ्या गावात दोन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या मुलामुलींना मोफत सायकल देतं. सहावीला १८ इंची, नववीला २० इंची. अलीराजपूर-झाबुआ भागात गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं नव्हेत. प्रत्येक घर आपापल्या शेतातल्या टेकाडावर, अशा घरांची एक फळिया आणि चार-सहा फळियांचं एक गाव. शाळेचं अंतर त्यामुळे कागदावर दिसतं त्याहून जास्त पडतं आणि सायकल खरोखर वापरली जाते. तिच्यावर दोघं बसतात, मागे मक्याचं पोतं येतं. वर्षभरात ती भिंतीला टेकते. सरकार सायकल देतं, पण फळियेत मिस्त्री नसतो. हाटाच्या (आठवडी बाजाराच्या) गावापर्यंत सायकल ढकलत न्यायची तर एक मजुरी बुडते.

तर आमचं म्हणणं एवढंच: अशा स्वारीने दुरुस्ती न्यावी. आणि ही दुरुस्ती आपल्या एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) सवयीने होत नाही. इथेच बहुतेक गट फसतात.

आपल्या पिशवीत ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की असतात. त्या सायकलींना लागतात ८-९ पासून १५-१६ पर्यंतचे पाने, हातोडी, एक लोखंडी पाइपचा तुकडा आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) काढायचा दोन खाचांचा पुलर. आपल्या बारा-स्पीड सायकलीचं चेन टूल (चेन तोडायचं हत्यार) त्यांच्या १/८ इंची चेनला बऱ्याचदा अरुंद पडतं. देणगीदार प्रेमाने टायर आणून देतात, त्यावर ‘२६’ लिहिलेलं असतं, आणि ते चढत नाही. कारण एमटीबीच्या २६×१.७५ टायरची बैठक (रिमवर टायर बसतो तिथला व्यास) ५५९ मिलिमीटरची, तर २६×१ ३/८ ची ५९० ची. २८×१ १/२ ची ६३५. तेव्हा आधी जाऊन टायरच्या कडेवर छापलेलं माप वाचायचं, मोजायचं, आणि मगच माल घ्यायचा.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे रोज संध्याकाळी बसणारं चाक. मुलं पंक्चर म्हणून सांगतात, ट्यूब पाण्यात बुडवली तरी बुडबुडा येत नाही. दोष ट्यूबमध्ये नसतोच. या सायकलींना वुड्स वॉल्व्ह असतो आणि त्याच्या आतली रबरी वॉल्व्ह ट्यूब उन्हाने कडक होऊन चिरते. हवा भरून वॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावली की कळतं. अडीच सेंटीमीटरचा नवा तुकडा ओला करून भोक झाकेल असा वरच्या कडेपर्यंत चढवायचा. दोन मिनिटांचं काम. पाच मीटर वॉल्व्ह ट्यूब नेली तर असे दोनशे तुकडे होतात, आणि इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दुसरा माल आख्ख्या पिकअपमध्ये नसतो.

खरं पंक्चर असेल तर घाई नडते. सोल्यूशन लावून चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलं नाही तर पॅच उन्हात सुटतो. टायरच्या आतून फडकं फिरवून गोखरूचा काटा शोधल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही.

पायडल खडखडत असेल तर कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आसावर पक्का धरणारी पाचर, बघायची. इथे शहरी हात नट आवळत बसतात आणि आटे जातात. कॉटर नटने ओढून बसवायची नसते. क्रँकखाली पाइपचा आधार द्यायचा, हातोडीने पिन बसवायची, मग नट फक्त राखायला. आधार न देता ठोकलं तर तो मार बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) छऱ्यांवर जातो आणि ते बसतात त्या कपात खळगे पडतात. दोन्ही पिना उलट-सुलट दिशांनी घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. पंचवीसेक किलोमीटर चालल्यावर पिन पुन्हा ठोकावी लागते. आपण तोवर इंदूरला पोहोचलेले असतो, म्हणून हे शेवटचं काम तिथल्याच कोणाला तरी शिकवून यावं लागतं.

फ्रीव्हील दोन्हीकडे मोकळं फिरत असेल तर आतले कुत्रे (एकाच दिशेने पकड देणारे खटके) धुळीच्या चिखलात अडकलेले असतात. रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पातळ तेल सोडलं की बहुतेक वेळा जागी येतात. ग्रीस भरायचं नाही, त्याने ते पुन्हा चिकटतात. चेनचे बारा इंच मोजायचे. १/८ इंच वाढलेली असेल तर चेन आणि १८ दातांचं फ्रीव्हील जोडीनेच बदलायचं. जुन्या दातांवर नवी चेन घसरते.

मालाचं माप काढायचं तर चाळीस सायकली धरा. त्यांतल्या दहा पूर्ण उघडाव्या लागतील. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पाव इंची छरे १८, बॉटम ब्रॅकेटला २२, म्हणजे सायकलीमागे ४० आणि दहांना ४००. तीन ग्रोस (ग्रोस म्हणजे १४४) घ्यावेत. पुढच्या हबला ३/१६ चे २०, दहांना २००, म्हणजे दोन ग्रोस. ट्यूब ३०, टायर १५, ब्रेक शूजच्या जोड्या २०, कॉटर पिना ४०, चेन १०, फ्रीव्हील ८, ग्रीस एक किलो. पूर्ण उघडलेल्या सायकलीला सरावाच्या हाताला दीड-दोन तास लागतात. बारा स्वारांपैकी असे हात फार तर तीन-चार असतात, हे आधीच मान्य करावं. बाकीच्यांनी हवा भरावी, पंक्चर काढावं, छरे धुवावेत.

हा सगळा माल इंदूरहून नेऊ नये. अलीराजपूर, जोबट किंवा जवळच्या हाटाच्या गावच्या सायकल दुकानातून घ्यावा. दोन पैसे जास्त गेले तरी चालेल, पण त्या मापाचा माल दुकानात राहायला लागतो, आणि आपण गेल्यावरही तो मिळतो. तिथल्याच एका मिस्त्रीला दिवसाची पूर्ण मजुरी देऊन सोबत घ्यावं. पान्यांची पेटी शाळेला भेट दिली तर ती कपाटात कुलूपबंद होते. ती फळियेतला जो मुलगा आधीपासून पंक्चर काढतो त्याच्याकडे राहावी, आणि तो कोण हे गावाने ठरवावं, आपण नाही.

गावाने ठरवावं म्हणजे कसं, असं तुम्ही विचाराल. अलीराजपूर आणि झाबुआ हे दोन्ही जिल्हे संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात आणि मध्य प्रदेशात पेसाचे (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचे) नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहेत. ग्रामसभेचा शब्द तिथे शोभेचा नाही. दोघांनी, कॅमेरा न घेता, हाटाच्या दिवशी आधी जाऊन यावं, कारण त्या दिवशी माणसं भेटतात. सरपंच, तडवी (गावाचा पारंपरिक मुखिया) आणि शाळेचे मास्तर या तिघांशी बोलावं. ‘आम्ही अमुक देतोय’ असं म्हणू नये, ‘हे काम आम्हाला येतं, हवंय का?’ असं विचारावं. नको म्हणाले तर नको. २०११ च्या जनगणनेत अलीराजपूरची साक्षरता ३६.१ टक्के, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वात कमी. त्यामुळे शाळेच्या भिंतीवर सूचना चिकटवून काम होत नाही, आणि वडीलधाऱ्यांना हिंदी नीट कळतेच असं धरून चालू नये. भिली किंवा भिलाली बोलणारा माणूस सोबत हवा.

वेळेची चूक सर्वात महाग पडते. मका निघाला, दिवाळी झाली, की धडधाकट माणसं कामासाठी गुजरातेत उतरतात आणि भगोरियाला, होळीच्या तोंडावर हाटांत भरणाऱ्या जत्रेला, परततात. जानेवारीत गेलात तर फळियेत म्हातारी माणसं आणि पोरं. भगोरियात गेलात तर सगळे हाटात, रस्ते पिकअपने भरलेले आणि आपण निव्वळ बघे. आमच्या मते दिवाळीनंतर शाळा उघडल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस बरे. काही कर्ती माणसं अजून घरी असतात. फक्त त्या वेळी पावसाळ्यातल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या असतात आणि गोखरू गळायला लागलेलं असतं. आपल्या ट्यूबलेस २९×२.२५ टायरमध्ये चाकामागे १०० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) ताजं भरून घ्यावं, पाऊणशे किलोच्या स्वाराने हवा २४-२६ पीएसआय ठेवावी. ट्यूब असेल तर ३२ च्या खाली नको, चाकोरीच्या कडेवर रिम ट्यूबला चावते.

इंदूर ते झाबुआ महामार्गाने सायकल चालवत जाण्याचा हट्ट तर अजिबात नको. माछलिया घाटात ट्रकांच्या मध्ये चालवून कोणाचंच भलं होत नाही. सायकली पिकअपमध्ये उभ्या बांधाव्यात, डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) वरच्या बाजूला किंवा काढून. पुढचं चाक काढलं तर डिस्कच्या फटीत प्लास्टिकची चकती किंवा दुमडलेला पुठ्ठा घालावा, नाहीतर वाटेत ब्रेकचा लिव्हर दाबला जाऊन पॅड मिटतात. प्रत्येक मॉडेलचा डिरेलर हँगर (डिरेलर अडकवायची पट्टी) वेगळा, तो ज्याचा त्याने आणावा. जाणं सोपं वाटतं, कारण इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि झाबुआ सव्वातीनशेच्या आसपास. येताना सगळी चढण.

गावावर ओझं पडतं, हा तुमचा मुद्दा आम्हाला सर्वात खरा वाटतो. बारापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि तीही सहा-सहाच्या दोन तुकड्यांत. माणशी सहा लिटर पाणी धरून ८० लिटर बरोबर न्यायचं. या पट्ट्यातल्या बऱ्याच हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एक-दोन दिवसांत शहरी माणसाला काही होत नाही, पण ज्या एका चांगल्या पंपावर सकाळी रांग लागते तिथे आपण बारा बाटल्या घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. आणि ‘उकळून पिऊ’ म्हणणाऱ्यांसाठी: उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. जेवण गावात करायचं असेल तर आधी सांगून, पैसे ठरवून. कोंबडी कापायला लावणारी पाहुणचाराची अपेक्षा घेऊन जाऊ नये. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो नाहीत, देणं-घेणं चालू असतानाचे तर मुळीच नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी शहरात कोणी सांगत नाही. भिलांमध्ये हलमा ही रीत आहे. एखाद्यावर काम कोसळलं की तो हलमा बोलावतो, सगळे येतात, मजुरी घेत नाहीत, आणि पुढच्या वेळी त्यानेही जायचं असतं. झाबुआजवळ हाथीपावा टेकडीवर हजारो माणसांनी गैंती-तगारी (कुदळ-घमेली) घेऊन पाणी अडवणारे चर खोदले ते याच रीतीने. म्हणजे फुकट मदत ही काय वस्तू आहे ते त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त तिथे मदत घेणारा पुढे देणाराही असतो. म्हणून दुरुस्तीच्या दिवशी मुलांनी आपापली सायकल स्वतः धरावी, स्वतः पुसावी, पाना हातात घ्यावा. आणि संध्याकाळी कोणी शेतातलं काही देऊ केलं तर ‘नको नको’ करू नये.

लेखात रस्ता छापल्याने तिथे गर्दी होईल, या तुमच्या भीतीवर उपाय साधा आहे. मोठ्या गावापर्यंतचा रस्ता लेखात आहे, फळियेचं नाव आणि जीपीएस ट्रॅक नाही, आणि मागितला तरी मिळणार नाही.

शेवटी तुम्ही टोला मारलाय की तुमच्या काळी ॲटलास सायकल घरीच उघडून छरे-ग्रीस बदलायचे, आणि आजच्या पोरांना पंक्चरही काढता येत नाही. खरं आहे. कॉटर एका ठोक्यात बसवणारे हात गटात कमी आहेत. तुम्ही पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून या. निघण्याची वेळ पहाटे पाच, पोहे धारला.